पिरॅमिड म्हटलं की फसवणूक दिसत नाही

दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीला माझ्याच वर्गात होता, गणितात चांगला होता. चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून वही काढली आणि विचारलं, "सर, पाच मिनिटं प्लॅन दाखवू का?" वहीत वर एक गोल, त्याखाली दोन, त्यांच्याखाली चार. लेफ्ट लेग, राइट लेग, जोडी जुळली की कमिशन. आत शिरायला साडेसात हजारांचं किट घ्यायचं: दोन डबे पावडर, साबण, कसलेसे थेंब. मी म्हटलं, "अरे, ही तर पिरॅमिड स्कीम आहे."

या वाक्याची त्याची तयारी झालेली होती. जराही न चिडता त्यानं वहीचं पुढचं पान उघडलं. तिथे सरकारचा, लष्कराचा, एका मोठ्या कारखान्याचा असे तीन त्रिकोण काढलेले होते. "सर, तुमची शाळापण पिरॅमिडच आहे की. वर संस्थाचालक, मग मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, मग तुम्ही सगळे शिक्षक, खाली शिपाई. पिरॅमिड वाईट असता तर साडेचार हजार वर्षं उभा राहिला असता का?"

त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. तेवीस वर्षं सूचीचं, म्हणजे पिरॅमिडच्याच आकाराचं, घनफळ शिकवणाऱ्या माणसाला त्या आकारावरूनच निरुत्तर व्हावं लागलं, हे मला कित्येक दिवस टोचत राहिलं. मग हळूहळू लक्षात आलं की चूक माझ्या शब्दात होती. मी त्याला आकाराचं नाव सांगितलं आणि त्यानं तोच आकार मला दहा ठिकाणी दाखवला. दोघंही खरं बोलत होतो. फक्त माझ्या खरं बोलण्यातून त्याला फसवणूक दिसली नाही.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं असं आहे की लोकांना सावध करण्यासाठी मराठीत 'पिरॅमिड स्कीम' हा शब्द वापरणं पोलिसांनी, ग्राहक खात्यानं, वर्तमानपत्रांनी आणि आम्ही शिक्षकांनी सोडून द्यावं. या योजनांमधला गुन्हा आकारात नसतो. पैसा कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात जातो, यात तो असतो आणि 'पिरॅमिड' हा शब्द त्याबद्दल अक्षरही बोलत नाही.

या आकाराला आपल्याकडे शब्द कमी नाहीत. भूमितीत तो 'सूची' होतो. पाया त्रिकोणी असो की चौकोनी, सगळ्या बाजू वर एका बिंदूला मिळाल्या की झाली सूची. भूगोलात लोकसंख्येचा 'मनोरा' येतो, विज्ञानात ऊर्जेचा मनोरा. दहीहंडीत 'थर' लागतात. आणि आजीच्या स्वयंपाकघरात होती ती 'उतरंड': तळाला मोठं मडकं, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. खालच्या मडक्यातलं धान्य काढायचं तर आधी वरची सगळी उतरवायची. जातींची उतरंड असं आपण म्हणतो तेव्हा हा स्वयंपाकघरातला अनुभव त्या शब्दामागे उभा असतो. कुणाच्या डोक्यावर कुणाचा भार आहे, हे उतरंड म्हटल्याबरोबर कळतं.

'पिरॅमिड' हा शब्द मात्र आपल्याकडे इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो ग्रीकांकडून पोचलेला. ग्रीकांनी तो बहुधा गव्हाच्या एका टोकदार खाद्यपदार्थाच्या नावावरून घेतला असं मानतात. ज्यांनी ते बांधले ते इजिप्शियन लोक त्याला 'मेर' म्हणायचे. अरबीत 'हरम', अनेकवचन 'अहराम', म्हणून कैरोच्या जुन्या वर्तमानपत्राचं नाव 'अल-अहराम'. मराठी कानाला या शब्दातून भव्यता, गूढता आणि टिकाऊपणा एवढंच ऐकू येतं. तांब्याचे छोटे पिरॅमिड वास्तुदोषावर उपाय म्हणून विकले जातात ते याच वजनावर. बी.एड.च्या वर्गात आम्ही मास्लो या मानसशास्त्रज्ञाचा गरजांचा पिरॅमिड पाठ केला. मास्लोनं १९४३ साली ज्या निबंधात हा विचार मांडला त्यात पिरॅमिडचं चित्र नव्हतंच, ते नंतर इतरांनी काढलं. पण चित्र एवढं ठसलं की मूळ विवेचन मागे पडलं आणि पायऱ्या तेवढ्या राहिल्या. ज्या शब्दाला असा मान आहे, तो धोक्याच्या पाटीवर लावून काय उपयोग?

खऱ्या पिरॅमिडकडे नीट पाहिलं तर ही नावाची उसनवारी किती चुकीची आहे ते कळतं. इजिप्तमधला गिझाचा खुफू राजाचा पिरॅमिड मुळात साधारण १४६ मीटर उंच होता, पायाची एकेक बाजू सुमारे २३० मीटर. त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत. वर्गात मी मुलांना एक प्रश्न घालतो: बांधकाम निम्म्या उंचीपर्यंत आलं तेव्हा किती दगड लावून झाले असतील? बहुतेक जण निम्मे म्हणतात. उत्तर आठातले सात. वरच्या निम्म्या उंचीत फक्त एक अष्टमांश दगड मावतो. म्हणजे पिरॅमिड हा जवळजवळ सगळा पायाच असतो. टोक म्हणजे शेवटचा एक दगड, आणि खाली सगळं पक्कं झाल्याशिवाय तो चढवताच येत नाही.

पाया ऐकत नसेल तर राजालाही थांबावं लागे. खुफूचा बाप स्नेफ्रू. दहशूरला त्यानं बांधायला घेतलेला पिरॅमिड मध्यावर वाकलेला दिसतो, कारण सुमारे ५४ अंशांच्या चढणीनं सुरू केलेलं बांधकाम पुढे जवळपास ४३ अंशांवर आणावं लागलं. वजन पेलेना तशी चढण कमी केली, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. ते वाकणं आजही तिथे उघड्यावर दिसतं.

आणि बांधणारे? गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढून पिरॅमिड उभे राहिले, ही समजूत आपल्या डोक्यात पक्की बसलेली आहे. गिझाला १९९० नंतर कामगारांच्या कबरी सापडल्या, पिरॅमिडपासून हाकेच्या अंतरावर. मार्क लेहनर आणि झाही हवास या पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननांतून त्यांची वस्ती, भट्ट्या, जनावरांची हाडं बाहेर आली. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ साली पिएर ताले यांच्या चमूला पपायरसच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरायचे आणि गिझाला पोचवायचे, हे त्याच्या टोळीचं काम. हे लोक स्वतंत्र होते असा माझा दावा नाही, राज्याची वेठ होतीच. पण तळाशी राबणाऱ्याला राज्य भाकरी आणि बिअर देत होतं, मेल्यावर राजाच्या सावलीत जागाही देत होतं.

आता हे माझ्या विद्यार्थ्याच्या वहीशेजारी ठेवून पाहा. वहीतला आकार वरून खाली वाढतो. टोक पहिल्या दिवशीच तयार असतं, पाया रोज नव्यानं शोधायचा असतो आणि जो पाया होतो तोच साडेसात हजार भरतो. दगडी पिरॅमिडमध्ये तळाच्या माणसाला वरून भाकरी मिळत होती. इथे तळाचा माणूस वरच्याला भाकरी घालतो आणि त्याबद्दल त्याला मोटिव्हेशनच्या सेमिनारचं तिकीटही विकत घ्यावं लागतं.

आकारात दोष नाही, याचा सगळ्यात जवळचा पुरावा आपल्याच रस्त्यांवर आहे. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकानं नऊ थर लावले, उंची ४३.७९ फूट, आणि जागतिक विक्रम केला. हाही पिरॅमिडच. पण तिथे सगळ्यात तगडी माणसं तळाला असतात आणि त्यांना आपल्या खांद्यावर काय येणार हे आधीच माहीत असतं. महिनोन्‌महिने सराव होतो. सलामी दिली की थर जसे लागले तसे उतरतात. बक्षीस पथकाचं असतं. या खेळात मुलं जखमी झाली आहेत, जीव गेले आहेत, म्हणूनच २०१४ पासून उंचीवर आणि वयावर न्यायालयांत भांडण झालं आणि १४ वर्षांखालच्या मुलांना वर चढवायचं नाही हे ठरलं. धोका उघड होता म्हणून त्यावर भांडता आलं. वरचा कोण आणि खालचा कोण हे रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसत होतं. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत त्याच्याखालचे चाळीस लोक एकमेकांना ओळखतही नव्हते.

मग या योजनांचं खरं दुखणं काय? ते गणिताच्या फळ्यावरच सगळ्यात स्वच्छ दिसतं. प्रत्येकानं दोघं आणायची. पहिल्या थराला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार. दहाव्या थरात ५१२ माणसं येतात. वरच्या नऊ थरांत मिळून किती? ५११. कुठल्याही थराला थांबून मोजा, सगळ्यात खालच्या थरात वरच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा एक माणूस जास्त असतो. नेहमी. तिसऱ्या थराला चार विरुद्ध तीन, विसाव्या थराला ५,२४,२८८ विरुद्ध ५,२४,२८७.

सत्ताविसावा थर भरायचा तर एकूण १३ कोटी ४२ लाख माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. योजना कोसळतात त्या यामुळे, असं आपण नेहमी सांगतो. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. त्यातून ऐकणाऱ्याला वाटतं की कोसळायच्या आत बाहेर पडलं की झालं, आपण तर सातव्या थरावर आहोत, अजून पुष्कळ वेळ आहे. फळ्यावरचं गणित याहून कठोर आहे. योजना धडधाकट चालू असतानाही, अगदी जोरात वाढत असतानाही, निम्म्याहून जास्त माणसांच्या खाली कुणीच नसतं. जोडीचं कमिशन किटच्या किमतीपेक्षा कमी असेल, म्हणजे पैसे वसूल व्हायला आपल्याखाली दोन थर लागत असतील, तर शेवटचे दोन्ही थर तोट्यात. दर चार माणसांतली तीन. दोनाऐवजी सहा-सहा माणसं आणायची असतील तर नुसत्या शेवटच्या थरातच सहातली पाच. कोसळणं पुढे कधीतरी येणार असतं. तोटा मात्र पहिल्या दिवसापासून तिथेच बसलेला असतो, आणि योजना वाढली की तोट्यातल्या माणसांचा आकडाही तेवढाच वाढत जातो.

'पिरॅमिड' या शब्दानं हे दिसत नाही. आकार सांगून न थांबता त्याच्या आत काय चालतं हे सांगायचं असतं, याचा उत्तम नमुना मराठीतच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू समाजाला मनोरा म्हटलं आणि एकेका जातीला त्याचा एकेक मजला. तेवढ्यावर ते थांबले असते तर ती एक उपमा झाली असती. त्यांनी पुढे सांगितलं की या मनोऱ्याला शिडी नाही, ज्या मजल्यात जन्मलास त्याच मजल्यात मरायचं. शिडी नाही या दोन शब्दांनी सगळी यंत्रणा उघडी पडली. मजले तर शाळेतही असतात, कचेरीतही असतात. शिडी नसणं हा अन्याय होता आणि त्यांनी बोट बरोबर तिथे ठेवलं. माझ्या विद्यार्थ्याला शाळेचा त्रिकोण दाखवता आला, कारण मी मजल्यांवर बोट ठेवलं होतं. आमचा शिपाई नोकरीत राहण्यासाठी मुख्याध्यापकांना दरमहा पैसे देत नाही, त्याला पगार मिळतो, हे मी तेव्हा बोलायला हवं होतं.

शब्दाच्या या ढिलाईची किंमत एका अख्ख्या देशानं मोजलेली आहे. अल्बानियाची राजधानी तिराना इथे १९८८ साली पिरॅमिडच्या आकाराची एक प्रचंड इमारत उघडली, एन्व्हेर होज्हा या हुकूमशहाचं संग्रहालय म्हणून. लोक तिला पिरॅमिडच म्हणत. दोन-चार वर्षांत राजवट गेली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं खासगी बँक, व्याजाचा दर, शेअर यातलं काहीही न पाहिलेल्या तीसएक लाखांच्या देशात बाजार आला. इटली-ग्रीसमध्ये मजुरीला गेलेल्या पोरांकडून पैसे येऊ लागले आणि ते ठेवायला विश्वासाची बँक नव्हती. या पोकळीत ठेवी घेणाऱ्या कंपन्या उगवल्या. आधी महिन्याला चार-पाच टक्के, मग आठ टक्के. १९९६ च्या शेवटी सुदे नावाची योजना दोन महिन्यांत दुप्पट आणि जाफेरी तीन महिन्यांत तिप्पट द्यायला निघाली होती. जाफेरी आणि पोपुली या दोघींकडेच जवळपास २० लाख खाती झाली. लोकांनी घरं विकली, शेतकऱ्यांनी गाई-बकऱ्या विकल्या.

नोव्हेंबर १९९६ मध्ये सुदेनं पैसे देणं थांबवलं. जानेवारीत सरकारनं काही खाती गोठवली आणि संसदेनं पिरॅमिड योजनांवर बंदीचा कायदा केला. त्या कायद्यात पिरॅमिड योजना म्हणजे काय याची व्याख्या नव्हती. मग व्हेफासारख्या बड्या कंपन्यांना सोपं झालं: आमची दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, आम्ही खरे उद्योजक, पिरॅमिड ते दुसरे. व्हेफा पुढेही वर्षभर तग धरून राहिली. तोवर व्ह्लोरा शहरातून सुरू झालेला उद्रेक दक्षिणेत पसरला होता, लष्कराची कोठारं फुटली होती, बंदुका घरोघरी गेल्या होत्या. सुमारे २,००० माणसं मेली, सरकार पडलं. योजना लोकांना देणं लागत होत्या ती रक्कम १२० कोटी डॉलरपर्यंत गेली होती, देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मी.

यातली आणखी एक गोष्ट माझ्या मुद्द्याच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. अल्बानियातल्या योजनांत माणसं आणायची अटही नव्हती. कुणीही जायचं, पैसे ठेवायचे, दुसऱ्यांच्या ठेवीतून व्याज घ्यायचं. चार्ल्स पाँझीनं १९२० साली बोस्टनमध्ये ४५ दिवसांत ५० टक्क्यांचं आमिष दाखवून केलं तेच. तिथे थरांचा त्रिकोण कुणालाच दिसला नसता. मुळात पाँझीची योजना वेगळी आणि साखळीची वेगळी, पण दोन्हींचं काळीज एकच आहे: नव्यानं आलेल्याचे पैसे आधी आलेल्याला. आकार पाहणाऱ्या माणसाला एक सापडते आणि दुसरी निसटते.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत सुरुवातीला अधिक शहाणा होता असं मला वाटतं. १९७८ चा केंद्राचा कायदा, बक्षीस चिट्स आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा. त्याच्या व्याख्येत कुठलाही आकार नाही. झटपट किंवा सहज पैसा, सभासदांची नोंदणी आणि त्यांचे प्रवेशाचे पैसे या खुणा त्यात सांगितल्या आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पुढे महाराष्ट्रानं १९९९ साली ठेवीदारांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा केला, केंद्रानं २०१९ साली अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले आणि त्यांत पिरॅमिड योजना या नावानंच मनाई झाली. त्या नियमांतली व्याख्या नीट वाचली तर तीसुद्धा सभासदानं सभासद आणण्याबद्दल मिळणाऱ्या लाभावर बोट ठेवते. व्याख्येबद्दल माझी तक्रार नाही. पण व्याख्या राजपत्रात राहते, लोकांपर्यंत पोचतो तो शब्द. आणि शब्द एकदा आकाराचा झाला की प्लॅन दाखवणारा बिनधास्त सांगतो, "आमचं पिरॅमिड नाही, आमचं बायनरी आहे," "मॅट्रिक्स आहे." त्रिकोण मोडून चौकोन काढला की बंदीच्या बाहेर, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

थेट विक्री सगळीच लबाड असते असं मी म्हणत नाही. घरोघर फिरून मसाले, साड्या, भांडी विकणाऱ्या बायांच्या जिवावर आमच्या भागात कित्येक संसार उभे राहिले. त्यांना पैसा गिऱ्हाइकाकडून मिळतो, आणि ते गिऱ्हाईक उद्या स्वतः मसाला विकायला निघालं नाही तरी त्यांचं काही बिघडत नाही. फरक ओळखायला एवढं पुरेसं आहे.

आणि माणसं जोडून पैसा उभा करणं आपल्याला नवं आहे थोडंच? भिशी घ्या. बारा जणी, बारा महिने, दरमहा प्रत्येकीनं तेवढेच भरायचे आणि चिठ्ठीत नाव निघेल तिनं उचलायचे. वर्ष संपलं की प्रत्येकीनं दिलेलं प्रत्येकीला मिळालेलं असतं. तेरावी बाई शोधावी लागत नाही. भिशीतही बुडवणारे निघतात, ती जोखीम खरी आहे, पण भिशी नीट चालली तर कुणाचाच तोटा होत नाही. वहीतली योजना नीट चालली तरीही निम्म्याहून अधिक लोक बुडतात. हा फरक मी अलीकडे वर्गात सांगतो. भिशी घरोघरी असल्यामुळे मुलांना तो पटकन कळतो.

रुळलेला शब्द कसा बदलणार, असं एका सहकाऱ्यानं मला विचारलं. साखळी म्हणा, तो शब्द आहेच, असंही सुचवलं. पण साखळी तर पिरॅमिडपेक्षाही फसवी. साखळीत सगळ्या कड्या सारख्या असतात, हातात हात असतो, मानवी साखळी आपण चांगल्या कामासाठी करतो. राहिला प्रश्न रुळण्याचा. अमेरिकेच्या शेती खात्यानं १९९२ साली आहाराचा पिरॅमिड काढला, तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. पण रोजच्या जेवणात कशाचं किती प्रमाण ठेवायचं हे त्यावरून लोकांना धड उमगेना, तेव्हा २०११ साली त्यांनी पिरॅमिड सोडून जेवणाचं ताट काढलं. एकोणीस वर्षं रुजवलेलं चित्र एका सरकारनं बदललं, कारण ताट प्रत्येकाच्या समोर रोज येतं.

आपल्याला तर नवं काही घडवायचीही गरज नाही. 'याची टोपी त्याच्या डोक्यावर' हे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. त्यात त्रिकोण नाही, चौकोन नाही. एकाकडून काढून दुसऱ्याला घातली, एवढंच आहे, आणि शेवटी एक डोकं उघडं राहणार हे न सांगता कळतं. एस.टी. स्टँडवर, बँकेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर 'पिरॅमिड योजनांपासून सावधान' असं न लिहिता सरळ लिहावं: या योजनेत नव्याचे पैसे जुन्याला मिळतात. तुम्ही भरलेले पैसे कुणाला गेले ते विचारा. उद्या कुणीच नवीन आलं नाही तर तुम्हाला काय मिळेल ते विचारा. पोलिसांच्या पत्रकांत, बातम्यांच्या मथळ्यांत हीच भाषा यावी. शाळेत घातांक शिकवताना हे उदाहरण पुस्तकातच असावं, कारण आठवी-नववीतल्या मुलाला ते पूर्ण समजतं, आणि प्लॅन दाखवणारे बहुतेकदा त्याच्या घरीच येतात.

तो विद्यार्थी मार्च महिन्यात पुन्हा आला. या वेळी वही नव्हती. मी पिरॅमिड हा शब्द तोंडातून काढला नाही. एवढंच विचारलं की, "तुझ्याखाली पहिलं कोण आलं?" म्हणाला, मावशी. तिनं बचत गटातून कर्ज काढून किट घेतलं होतं. "तिचे साडेसात हजार कुठे गेले, मांडून दाखव." त्यानं माझ्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहायला लागला. त्याला इतके, त्याच्या वरच्याला इतके, त्याच्याही वरच्याला इतके, बाकी कंपनीला. मावशीच्या नावापुढे दोन डबे पावडर आणि साबण राहिले. त्या नावाखाली दोन गोल त्यानं सवयीनं काढले, आणि त्यांत कुणाची नावं लिहायची ते आठवेना तेव्हा पेन खाली ठेवलं.

आता तो मावशीला महिन्याला हजार रुपये परत देतो. चार हप्ते झाले. तिच्या खाली कुणी आलं नव्हतं, हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि तिनं लाजेनं सांगितलं नव्हतं.